तुम्ही विचारलंत म्हणून: डॉल्फिन गाडी का विकली

नागपुरात बर्डीच्या पानठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत एकच प्रश्न: "भाऊ, ते डॉल्फिन कायले विकली?" आजवर तीन उत्तरं दिली. पार्ट मिळेनात. पोरगी झाली. मारुती आली. तिन्ही खरी, आणि तिन्ही टाळाटाळ.

फायबरची बॉडी म्हणून 'प्लॅस्टिकची बादली' म्हणणारे खूप होते. म्हणा. १९८२ पासून बंगळूरला बनणारी ती दोन दारांची गाडी इतकी हलकी होती, की ८४८ सीसीवर फियाटवाल्यांना घाम फोडायची. ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे वळणावर मागून सुटायची. ती सुटू देण्यातच तर मजा होती.

१९८६ साली शोलावरमच्या रेसला गेलो तो तीच चालवत. ट्रकवर टाकायला पैसे कुठले? आदिलाबाद, हैदराबाद, विजयवाडा, नेल्लोर. मद्रासच्या अलीकडेच शोलावरम लागतं. शेजारी मोमिनपुऱ्याचे उस्ताद, मांडीवर पान्यांचा डबा. चार रात्री जागून त्यांनी इंजिन बांधलं होतं. मजुरी ठरली नव्हती. अजून ठरलेली नाही.

रेसचा ट्रॅक म्हणजे महायुद्धातली जुनी धावपट्टी, डोक्यावर ऊन. दोन फेऱ्या उरल्या असताना टेम्परेचरचा काटा लालमध्ये गेला. ॲल्युमिनियमचं इंजिन तापलं की दयामाया नाही. कडेला उस्ताद हात पुसायचं लाल फडकं हलवत होते. थांब.

मला ते दिसलंच नाही, असं मी सांगत आलो. हेल्मेट, धूळ, पुढच्या गाडीचा धूर. तेव्हाचा मी अजूनही वकिली करतो: तिसरा होतास, कोण थांबलं असतं? कोणीच नाही, मान्य. पण दिसलं होतं. पुढच्या फेरीत फडकंही नव्हतं. उस्ताद नुसते उभे, हात खाली. तेही दिसलं होतं.

शेवटच्या वळणाआधी इंजिन बसलं. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. गॅस्केट उडालेलं, हेड वाकडं. गाडी उधारीवर ट्रकमध्ये चढवली आणि केबिनमध्ये बसून परत आलो. वाटेत उस्ताद जेवणापुरतं बोलले. आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नागपुरात दुसरीकडे हेडला फेसिंग मारून, म्हणजे घासून सपाट करून घेतलं, गाडी सुरूही झाली. पण मोमिनपुऱ्यातून जाणं मी टाळू लागलो. वर्षभरात विकली. विकून काय फिटलं? विचारू नका, मलाही सांगता येणार नाही.

पुढे गोव्यात बनलेली सान स्टॉर्म घेतली, दोन सीटांची, कापडी टपाची. नागपूरच्या मे महिन्यात टप उघडणाऱ्याला तुम्ही काय म्हणता ते मला माहीत आहे. एकदा धीर करून ती उस्तादांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ वाकून पाहिलं.

"काटा देखते हो ना?"

"हो, उस्ताद."

"देखते तो तब भी थे."

बॉनेट लावलं, हात पुसले. समोरच्या टपरीवर चहा प्यालो. पैसे त्यांनी दिले.