दुरुस्ती हवी तेवढी करा, बल्ब बदलताना मात्र कागद दाखवा

जर्मनीत श्टुटगार्टमध्ये कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला गाडी लावली, तर मेकॅनिकच्या एका तासाचे दीडशे युरो सहज होतात. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड असली नेहमीची कामं करून घेतली तरी बिलात मालापेक्षा मजुरी जास्त. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाडी सोडून चहा प्यायला जायची सवय असलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. इथली मंडळी मात्र कुरकुरत बसत नाहीत. शनिवारी सकाळी मळके कपडे चढवून स्वतःच कामाला लागतात. आमच्या ऑफिसातला पीएच.डी. झालेला एक साहेब सोमवारी नखांत काळं घेऊन मीटिंगला बसतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आमच्या जुन्या फोक्सवॅगन गोल्फ गाडीचं बरंचसं काम आता मीच करते. फोनवर सांगितलं की आई विचारते, "तिकडे मिस्त्री मिळत नाही का गं?" मिळतो आई, परवडत नाही.

करायचं कुठे, हा पहिला प्रश्न. घरासमोर रस्त्यावर ऑइल काढायची सोय नाही. जमिनीत किंवा गटारात थोडं जरी गेलं तरी प्रकरण गुन्ह्यापर्यंत जातं. बऱ्याच गावांत तर दारात गाडी धुवायलाही बंदी आहे, कारण तो साबण आणि तेलकट पाणी सरळ मातीत मुरतं. त्यावरचा उपाय म्हणजे मीटवेर्कश्टाट, भाड्याचं गॅरेज. तासाला पंधरा-वीस युरो भरायचे की गाडी वर उचलणारी लिफ्ट, पान्यांची ट्रॉली आणि वापरलेल्या ऑइलचा ड्रम आपल्या हवाली. वातावरण आपल्याकडच्या तालमीसारखं: मेहनत ज्याची त्याने करायची, पण कोपऱ्यात वस्ताद बसलेला असतो. आमचे वस्ताद सत्तरीचे आहेत, वृत्तपत्रातून मान वर न करता नुसत्या आवाजावरून सांगतात की चुकीच्या मापाचा सॉकेट लावलाय.

सुटे भाग मागवणं इथे फार सोपं. पुण्यात नाना पेठेत जाताना आपण जुना पार्ट पिशवीत घालून नेतो आणि काउंटरवर ठेवून "असाच द्या" म्हणतो. इथे आरसी बुकासारखा जो कागद असतो, त्यात 2.1 आणि 2.2 असे दोन रकाने असतात. पहिल्यात कंपनीचा चार आकडी कोड, दुसऱ्यात मॉडेलचा. हे दोन कोड वेबसाइटवर टाकले की आपल्याच गाडीला बसणारे पार्ट समोर येतात. तरी ब्रेकसारख्या वस्तूला चासी नंबरही जुळवून पाहावा, कारण एकाच मॉडेलमध्ये दोन मापांच्या डिस्क असू शकतात.

ऑइलच्या बाबतीत मात्र आपल्याकडून आलेले बरेच जण फसतात. डब्यावर 5डब्ल्यू-30 लिहिलं म्हणजे झालं असं नाही. तो नुसता पातळ-घट्टपणा. त्याखाली बारीक अक्षरात कंपनीची मान्यता असते, आमच्या गाडीला फोक्सवॅगनची 504 00 किंवा 507 00 लागते. ती नसलेलं ऑइल स्वस्त मिळतं, आणि डिझेल गाडीत राख जास्त करून धुराचा फिल्टर चोंदवतं.

खरं कौशल्य लागतं ते शेवटच्या बोल्टला. चेंबरचं, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचं, जुनं ऑइल निथळून ठिबकायला लागलं की नवा बोल्ट आधी बोटांनीच फिरवत न्यायचा. तो तिरका धरला तर लगेच हाताला कळतं. मग टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लावायचा ते आधी ठरवता येणारा पाना, 30 न्यूटनमीटरवर लावायचा, सावकाश ओढायचा, आणि 'कट्' असा आवाज आला की हात तिथेच थांबवायचा. मनाला वाटतं, एवढंसंच? अजून पाव फेरा मारावा. तो मारायचा नाही. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की नवं चेंबर. वस्तादांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य आहे, 'नाख फेस्ट कॉम्ट आब', घट्टच्या पुढचं स्टेशन म्हणजे तुटणं. आपल्याकडे पान्यावर पाय देऊन उभे राहणारे मी पाहिलेत, त्यांना हे वाक्य पाठवून द्यावंसं वाटतं.

निघालेलं ऑइल ड्रममध्ये टाकलं नाही, तर डब्यात भरून दुकानात परत नेता येतं. जेवढं विकलं तेवढं जुनं ऑइल दुकानदाराने फुकट परत घ्यायचं, असा कायदाच आहे. पावती जपायची एवढंच.

टायरचं थोडक्यात सांगते. 'ऑक्टोबर ते ईस्टर' हिवाळी टायर, उरलेले महिने उन्हाळी, अशी इथली वहिवाट. कायदा तारीख सांगत नाही, रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर हवेत असं सांगतो. आणि ऑक्टोबर 2024 पासून त्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलंच पाहिजे. नक्षीची किमान खोली 1.6 मिमी. पण एक युरोच्या नाण्याची सोनेरी कड 3 मिमी रुंद असते, ती खाचेत उभी घातल्यावर उघडी दिसली की उन्हाळी टायर बदलायला घ्यावा, असं इथे कुणीही सांगेल. आमच्या गाडीच्या चाकांच्या बोल्टला 120 न्यूटनमीटर, आणि पन्नासेक किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा एकदा तपासायचं.

इथवर कुणी विचारत नाही की तुम्ही कोण, सर्टिफिकेट आहे का. स्वतःच्या गाडीचे ब्रेकसुद्धा स्वतः बदलता येतात. हिशेब द्यावा लागतो तो गाड्या तपासणाऱ्या टीयूव्ही संस्थेला, जिला इथे सगळे 'ट्युफ' म्हणतात. नवी गाडी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी तपासणीला न्यायची. ट्युफच असं नाही, डेक्रासारख्या इतर संस्थाही ती करतात. पास झालं की मागच्या नंबरप्लेटवर गोल स्टिकर लागतो. त्याचा रंग वर्ष सांगतो आणि सर्वांत वरचा आकडा महिना. रोलरवर चारही चाकांचा ब्रेक वेगवेगळा मोजतात. कमी चालणाऱ्या गाडीच्या मागच्या डिस्क गंजलेल्या असल्या की तिथेच पकडलं जातं. गंभीर दोष निघाला तर महिन्याभरात दुरुस्त करून पुन्हा दाखवायचं. पीयूसीच्या टपरीवर गाडी न पाहता कागद मिळवलेल्यांनी हा अनुभव एकदा घ्यावा.

आणि आता खरी गंमत. आपल्याकडे सर्व्हिसिंगला हात लावणारा मालक विरळा, पण गाडी शोरूममधून निघून घरी पोचायच्या आत तिला हॉर्न, लायटी, काळ्या काचा, पुढे लोखंडी गार्ड बसलेला असतो. इथे नेमकं उलट. इंजिन खोला, कुणी हटकणार नाही. चाकं थोडी बाहेर यावीत म्हणून त्यांच्यामागे दोन सेंटिमीटरचे स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, टाका, की कागद मागतील.

बाहेरून आणून बसवलेल्या कुठल्याही भागाला तीनपैकी एक आधार लागतो. एक तर त्याच्यावर वर्तुळात 'ई' आणि देशाचा आकडा छापलेला हवा, जर्मनीचा ई1. किंवा सोबत 'आबेए' नावाचं मंजुरीपत्र हवं, ज्यात तुमच्या गाडीचं मॉडेल आणि अटी लिहिलेल्या असतात. किंवा चाचणी अहवाल हवा, तो घेऊन तपासनीसाकडे गाडी न्यायची, तो पाहणार, मोजणार, शिक्का देणार, आणि ठरावीक बदलांत नोंद गाडीच्या कागदावरही चढवून घ्यावी लागते. यातलं काहीच नसेल तर वाहन नियमावलीच्या कलम 19 नुसार गाडीची चालवण्याची परवानगीच रद्द ठरू शकते. मग अपघातात विमा कंपनी काय प्रश्न विचारेल ते वेगळं.

ओळखीतला एक मुलगा मास्टर्सला आला आणि हौसेने पुण्याहून हेडलाइटचे एलईडी बल्ब घेऊन आला. त्याला वाटलं, उजेड जास्त म्हणजे सुरक्षित. पण हॅलोजनचा रिफ्लेक्टर घडवलेला असतो तो बारीक फिलामेंट एका ठरलेल्या जागी आहे असं धरून. एलईडीची चिप त्या जागी नेमकी बसत नाही आणि सगळीकडे सारखा उजेडही टाकत नाही. त्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांखाली तुटायला हवी ती उजेडाची रेघ वर पसरते. आपल्याला झाडांचे शेंडे छान दिसतात, समोरच्याला काहीच दिसत नाही. जर्मनीत रस्त्यावर चालणारा पहिला असा एलईडी बल्ब ओसरामने 2020 मध्ये आणला, तोही यादीतल्या ठरावीक मॉडेलांपुरता. त्या मुलाची गाडी यादीत नव्हती. बल्ब अजून त्याच्या कपाटात आहेत.

पहिल्या वर्षी मलाही ही निव्वळ कागदी कटकट वाटायची. मग सुट्टीत रात्री पुणे-कोल्हापूर प्रवास केला, साताऱ्याच्या पुढे समोरून येणारी प्रत्येक दुसरी गाडी पांढरे भाले मारत होती, आणि मी मनातल्या मनात त्या शिक्केवाल्या तपासनीसाच्या बाजूने गेले. नियम आपल्याकडेही आहेत म्हणा. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बंदी आणली, कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत हा निकाल 2019 चा. पण ते नियम चौकात मामांनी पकडलं तरच आठवतात. इथे दोन वर्षांनी गाडी लिफ्टवर चढणार हे पक्कं असतं, म्हणून माणूस विकत घेतानाच कागद पाहतो.

मीही सगळंच करत नाही. एअरबॅगला हात लावत नाही. एसीच्या गॅसचं काम युरोपात प्रशिक्षणाचा दाखला असलेल्यानेच करायचं. जुन्या गाड्यांतला आर134ए वायू हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी, म्हणून 2017 पासून नव्या गाड्यांत तो बंदच झाला. इलेक्ट्रिक गाडीच्या जाड नारिंगी वायरीही तशाच, त्या शिकलेल्या माणसासाठी. आणि स्वतः केलेल्या कामाची नोंद कंपनीच्या डिजिटल सर्व्हिस बुकात होत नाही, विकताना भाव थोडा पडतो. मी पावत्या, तारखा आणि किलोमीटर लिहून फाइल ठेवते. डीलर तिच्याकडे बघत नाही, घरगुती गिऱ्हाईक पान न् पान वाचतं.

सध्या डोक्यात आहे तो टोइंग हूक, मागे सायकलींचा स्टँड लावायला. त्याला युरोपीय मंजुरीचा नंबर असल्याने तपासनीसाकडे जायची गरज नाही, पण मागचा बंपर पूर्ण उतरवायचा, वायरिंग आतपर्यंत न्यायचं आणि शेवटी लॅपटॉप जोडून गाडीला सांगायचं की तुला आता हूक आहे. वस्ताद म्हणाले, सकाळी आठला या, डबा घेऊन या. नवऱ्याने सायकली आधीच घेऊन ठेवल्यात, त्यामुळे माघार नाही.