साडेपाचला चांदणी चौक गाठायचा, तर पोटाचं काय?

रविवारी पहाटे पुण्याच्या चांदणी चौकातून निघालेली सायकल राइड संपवून चहाला थांबलो की कुणीतरी मला जरा बाजूला घेतं. आवाज उतरलेला असतो. "ताई, एक विचारू? पहाटे चारला उठून तुमचं पोट साफ होतं कसं? माझं होतच नाही, आणि मग घाटात जीव मुठीत धरून चढायचं." विचारणाऱ्या बहुतेक मुली असतात, क्वचित पन्नाशीतले एखादे काकाही. टायरमधली हवा, गिअर, सीटची उंची यावर आमच्याकडे तासन्‌तास बोलणं होतं. या विषयावर मात्र कुणी चारचौघांत तोंड उघडत नाही, आणि नेमकं यापायीच कितीतरी जणी दोन-चार रविवार येऊन मग येणं सोडतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून सगळं एकदा नीट लिहिते. मी डॉक्टर नाही. अनेक वर्षं सायकल चालवताना जे समजून घेतलं आणि डॉक्टरांना विचारून पडताळलं, तेच सांगते आहे.

रविवारची पहाट रविवारी पहाटे आपल्या हातात नसते. खाल्लेलं अन्न बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, आणि त्यातला बराचसा वेळ ते मोठ्या आतड्यातच असतं. म्हणजे शनिवारी रात्री काय जेवलात याचा रविवारी पहाटे पोट साफ होण्याशी फारसा संबंध नसतो. तो असतो गुरुवार-शुक्रवारच्या जेवणाशी आणि पाण्याशी. शनिवारी रात्रीचं जेवण त्रास देऊ शकतं, गॅस करू शकतं, पण तेवढ्याने अडलेलं मोकळं होत नाही. हे एकदा पटलं की चार वाजता संडासात बसून कुंथणं आपोआप कमी होतं.

दुसरं म्हणजे आतड्याचं स्वतःचं वेळापत्रक असतं. रात्री मोठं आतडं जवळजवळ शांत असतं. आपण जागे झालो की त्याची हालचाल वाढते आणि पोटात काही गेलं की आणखी वाढते. जठरात अन्न पोचल्याचा निरोप मोठ्या आतड्याला मिळतो आणि ते पुढे ढकलायला लागतं. दिवसातून काही मोजक्या वेळाच असा मोठा जोर येतो, आणि त्यातला सगळ्यात भरवशाचा म्हणजे उठल्यानंतरचा आणि न्याहारीनंतरचा. आता बघा, सोमवार ते शनिवार तुम्ही सात वाजता उठता आणि रविवारी अचानक चारला. शरीराच्या लेखी ती अजून मध्यरात्रच असते. पोट बिघडलेलं नसतं, त्याची वेळ झालेली नसते.

म्हणून माझं पहिलं सांगणं झोपेबद्दलचं आहे. रोज पाचच्या सुमाराला उठा, राइड असो वा नसो. रोज पाचला उठणारीला रविवारी चार म्हणजे फक्त एक तास अलीकडे. सातला उठणारीला तीन तास, आणि तेवढी उडी आतडं मारत नाही. ऑफिसवरून रात्री दहाला घरी येणाऱ्यांना हे अवघड आहे, मला माहीत आहे. त्यांनी निदान शुक्रवार-शनिवारी तरी उठण्याची वेळ अलीकडे आणावी.

आता प्रत्यक्ष पहाट. साडेपाचला चांदणी चौकात भेटायचं असेल तर मी चारला उठते. कपडे, बाटल्या, हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा सगळं रात्रीच दारापाशी काढून ठेवलेलं असतं, कारण पहाटेची घाई आणि पोट यांचं अजिबात जमत नाही. उठल्या उठल्या एक भांडं कोमट पाणी. मग गॅसवर छोटं पातेलं चढवते, कोरी कॉफी करते, आणि ती पिता पिता अर्धं केळं किंवा दोन खजूर खाते. हे खाणं ताकदीसाठी आहेच, पण त्याहून जास्त आतड्याला निरोप पोचवायला आहे. कॉफीने बऱ्याच जणांच्या मोठ्या आतड्याची हालचाल काही मिनिटांतच वाढते, सगळ्यांची मात्र नाही. माझ्या मैत्रिणीला कॉफीने फक्त छातीत जळजळ होते. तिचं काम गरम पाण्यावर आणि एका राजगिऱ्याच्या लाडवावर होतं. पेलाभर दूध मात्र टाळा. आपल्याकडे मोठेपणी दुधातली साखर नीट न पचणारे पुष्कळ लोक आहेत, आणि तो पोटफुगीचा प्रकार कळतो तो नेमका चढावर, पुढे वाकून बसल्यावर.

खाऊन झालं की मी घरात फिरते. पाठीचे, कमरेचे दोन-चार ताण देते, देवापाशी दिवा लावते. फोन हातात घेत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत जाणीव होते. झाली की लगेच जाते, "जरा टायर बघून येते" असं करत नाही. ती जाणीव दाबली तर विरून जाते आणि मग तासन्‌तास परत येत नाही.

बसण्याबद्दलही सांगायला हवं, कारण ते कुणी सांगत नाही. उकिडवं बसलं की गुदमार्गाभोवतीचा एक स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. कमोडवर काटकोनात बसलं की तोच स्नायू वाट वाकडी करून धरतो. आता पुण्यातल्या बहुतेक फ्लॅटमध्ये कमोडच आहेत. उपाय स्वस्त आहे: पायाखाली वीतभर उंचीचं प्लॅस्टिकचं स्टूल किंवा लाकडी पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, थोडं पुढे झुका. पाच-सात मिनिटं बसा. नाही झालं तर उठा. जोर लावून कुंथायचं नाही. मूळव्याध घेऊन सीटवर तीन तास बसणं काय असतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

खाण्यात गडबड आपली सगळ्यांची एकाच ठिकाणी होते. आठवडाभर पोळी, भात, बिस्किटं, आणि शनिवारी रात्री आठवण येते की "फायबर" खायला हवं. मग मोठा वाडगा सॅलड, मोडाची उसळ, वर दोन चमचे इसबगोल. रात्रभर पोट फुगतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना रोज किमान २५ ग्रॅम तंतू खायला सांगते, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते अवघड नाही. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम असतात, बाजरीत त्याहून थोडे जास्त. पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम तीन. रात्रीच्या दोन पोळ्यांच्या जागी भाकरी, बरोबर पालेभाजी, दुपारी एक पेरू किंवा पपई, दोन दिवसांआड मटकी किंवा मसूर. हे सोमवार ते गुरुवार. सवय नसेल तर दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू वाढवा, आणि त्याच्या जोडीने पाणीही. शुक्रवारी रात्रीपासून उलट वागायचं: उसळ, राजमा, कोबी, कच्चा कांदा बंद. शनिवारी रात्री आठच्या आत वरणभात, दुधीची नाहीतर पडवळाची भाजी, हवं तर पातळ ताक. नवीन काहीही खायचं नाही. शनिवारी संध्याकाळी मिसळ आणि रविवारी दिवे घाट, हे दोन्ही मला अतिशय प्रिय आहेत, पण एकापाठोपाठ नाही.

इसबगोल चांगलं आहे, पण ते घेतल्यावर परिणाम दिसायला बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. घ्यायचं तर रोज, आणि मोठा ग्लासभर पाण्याबरोबरच. कमी पाण्यात घेतलं तर ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा.

चूर्णाबद्दल मात्र मी ठाम आहे. बाजारातल्या पोट साफ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला चिमटे काढून काम करून घेते, तेही साधारण सहा ते बारा तासांनी. शनिवारी रात्री दहाला चमचाभर घेतलं तर हिशेब करा, सकाळी सातला तुम्ही कुठे असाल. आमच्यातली एक जण बोपदेव घाटाच्या तिसऱ्या वळणावर सायकल आडवी टाकून कठड्यावर बसली होती, दोन्ही हातांनी पोट दाबून, कपाळावर गार घाम. खाली कोंढवा, वर घाटमाथा, मध्ये आडोसासुद्धा नाही. तिला त्या अवस्थेत बघितल्यापासून मी प्रत्येक नव्या मुलीला हे स्वतःहून सांगते. राइडच्या आदल्या रात्री जुलाबाचं काहीही घेऊ नका.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते. आपल्या बायका पाणी तोडतात. रस्त्यात संडास मिळणार नाही म्हणून शनिवारी संध्याकाळपासून पाणी कमी, राइडमध्ये दोन घोट, घरी येऊन अंघोळ, स्वयंपाक, आणि पाणी प्यायची आठवण दुपारी. मोठ्या आतड्याचं कामच मुळी उरलेलं पाणी शोषून घ्यायचं. शरीर कोरडं पडलं की ते जास्त शोषतं आणि मळ कडक होतो. म्हणजे रविवारी तोडलेलं पाणी मंगळवारी बद्धकोष्ठ होऊन समोर येतं, आणि आपण म्हणतो, सायकलमुळे पोट बिघडलं. सायकलमुळे नाही. व्यायामाने आतड्याला मदतच होते. पाणी तोडल्याने बिघडलं, आणि पाणी तुटलं ते रस्त्यावर धड संडास नाही म्हणून. हा दोष त्या मुलीचा नाही. तिला "थोडं कमी पी" असा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लघवी रोखणं आणि पाणी तोडणं यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो तो वेगळाच.

पाळीचंही तसंच. पाळीच्या आधीच्या आठवड्यात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे आतडं संथ होतं, पोट जड राहतं. पाळी सुरू झाली की गर्भाशय आकुंचन पावायला लावणारी प्रोस्टाग्लँडिनं आतड्यालाही हलवतात आणि सैल होतं. दोन्ही नेहमीचं आहे. त्या आठवड्यातली लांब राइड मी संडास असलेल्या रस्त्यानेच करते.

काहींचं कारण औषधात असतं. लोहाच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, काही कॅल्शियमच्या गोळ्यांनीही. थायरॉइड मंदावलेलं असेल तरी होतं. गोळ्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. प्रकार किंवा वेळ बदलून देता येते. आणि शौचातून रक्त, विनाकारण घटलेलं वजन, झोपेतून उठवणारी पोटदुखी, किंवा वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलून काही आठवडे तशीच राहणं, यातलं काही असेल तर माझं लिहिणं बाजूला ठेवा आणि तपासून घ्या. लोहाच्या गोळीशिवाय काळा डांबरासारखा मळ दिसला तर त्याच दिवशी जा.

आणि नाहीच झालं पहाटे, तर? तर जा राइडला. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढा सगळा पट्टा डॉक्टर सर्वसाधारण मानतात. एखादा रविवार रिकामा गेला म्हणजे आजार नव्हे. फक्त रस्ता तसा निवडा. शंका असेल त्या दिवशी मी टेमघरकडे किंवा पानशेतच्या आत जात नाही. हमरस्ता धरते, जिथे ठरावीक अंतराने पेट्रोल पंप येतात आणि तिथलं शौचालय न लाजता मागते. पंपावर ते फुकट असायला हवं, पेट्रोल भरलं नाही तरी. पिशवीत ओले टिश्यू, पेपर सोप, एक कागदी पिशवी आणि पाण्याची एक जादा छोटी बाटली. खांद्यावरून पट्टे जाणारी बिब शॉर्ट लांब राइडला सोयीची असते खरी, पण बसायचं म्हणजे आधी वरची जर्सी काढावी लागते. पोटाचा भरवसा नसेल त्या दिवशी साधी कमरेची पॅडवाली शॉर्ट घाला.

राइडचा मार्ग ठरवणाऱ्यांना एक विनंती. ग्रुपवर किती किलोमीटर, किती चढ, नाश्ता कुठे हे टाकता ना, त्याच ओळीत पहिला संडास कितव्या किलोमीटरला आणि तो पहाटे उघडा असतो का, हेही टाका. तुम्ही टाकलंत तर नव्या मुलीला कुणाला बाजूला घेऊन विचारावं लागणार नाही, आणि ती बाटली भरून आणेल.