पिंजऱ्यातून बोलतोय

प्राणी बोलतात याचं आपल्याला काय अप्रूप? पंचतंत्रातले कोल्हे-बगळे पिढ्यान्‌पिढ्या बोलतायत. पण ते फार नेटकं बोलतात. एक शब्द वाया जात नाही, वाक्य अर्ध्यात सोडून कुणी डोकं खाजवत नाही. 'श्रेक' या ॲनिमेशनपटातलं गाढव तर एडी मर्फीच्या आवाजात बोलतं. गाढवाआधी नट ओळखू येतो.

ब्रिटिश ॲनिमेटर निक पार्कच्या 'क्रीचर कम्फर्ट्स'मधले प्राणी बोलतात ते आपल्यासारखे. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओची ही १९८९ची जेमतेम पाच मिनिटांची फिल्म. आधी साध्यासुध्या माणसांना घराबद्दल, राहणीबद्दल, प्राणिसंग्रहालयाबद्दल प्रश्न विचारले, उत्तरं टेप केली. मग तेच आवाज प्राणिसंग्रहालयातल्या प्लॅस्टिसिनच्या, म्हणजे खेळण्याच्या मऊ मातीच्या, प्राण्यांच्या तोंडी घातले. समोर मायक्रोफोन, मागे पिंजरा.

ब्राझीलहून आलेला एक विद्यार्थी इंग्लंडच्या थंडीला, जेवणाला आणि अपुऱ्या जागेला वैतागला होता. तेवढंच ऐकलं तर परदेशी शिकणाऱ्या कुठल्याही मुलाचा घरी केलेला फोन. तेच एक मोठं मांजर (जग्वार म्हणा, प्यूमा म्हणा) हातवारे करत सांगायला लागतं, तेव्हा प्रत्येक शब्द खरा ठरतो. हसू येतं आणि त्याची बाजूही पटते.

मला मात्र जास्त टोचतात ते समाधानी प्राणी. इथे बरं आहे, ऊब आहे, काळजी घेतात, असं ते सांगतात तेव्हा. तक्रार करणाऱ्याला निदान पिंजरा दिसतोय.

यातली खरी मेहनत अडखळण्यात आहे. सेकंदाला चोवीस फ्रेम्स, म्हणजे चोवीस स्थिर चित्रं, आणि मातीचा प्राणी हाताने जरा जरा हलवत ती टिपायची. बोलणारा अर्धा सेकंद 'अं' करून थांबला, की बारा फ्रेम्स ते 'अं' चेहऱ्यावर धरायचं. डोळे किंचित वळवायचे, ओठ तसूभर हलवायचे. त्या माणसाला आपण थांबलो होतो हे आठवतही नसेल.

फिल्मला ऑस्कर मिळालं. त्या वर्षी नामांकनांत पार्कचीच दुसरी फिल्मही होती, म्हणजे हरला तोही तोच. मग अशाच बोलक्या प्राण्यांना विजेवर घर गरम ठेवण्याच्या जाहिरातींत कामाला लावलं. थंडीची तक्रार सत्कारणी लागली म्हणायची. २००३मध्ये ब्रिटनमध्ये मालिका निघाली. अमेरिकेनेही २००७मध्ये आपली आवृत्ती काढली, ती तीन भागांत गुंडाळली. माझा आपला अंदाज : अमेरिकन माणूस माइक दिसला की छान बोलायला लागतो, आणि इथे छान बोलून चालत नाही.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं रेकॉर्डिंग कुणी पार्कला द्यायला हवं. 'माझी वैयक्तिक तक्रार काहीच नाही' अशी सुरुवात करून पाण्याच्या पंपावर पाऊण तास बोलणाऱ्या काकांना मी पाणघोडा देईन. पार्किंगवरून भांडणाऱ्या दोघांना एकाच फांदीवरची माकडं. सेक्रेटरींसाठी प्राणी काही सुचत नाही. ते फक्त 'नोंद घेतली' म्हणतात.