वाकळेच्या पोटातली वाकळ

लोक माझ्याकडे आईच्या साड्या घेऊन येतात. पिशवीत चार-पाच साड्या, सगळ्यात वर एखादी नारायणपेठ, आणि "हिला कात्री लावावीच लागेल का हो?" हा प्रश्न. लावावी लागते. पण पहिला काप मी कधीच घेत नाही. कात्री त्यांच्याच हातात देते आणि चहा टाकायला आत जाते.

मी बाहेर येईपर्यंत त्यांची नजर माझ्या पलंगावर गेलेली असते. गोधड्या शिवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या अंथरुणावर काय असेल, ही उत्सुकता. तिथे एक विटकी, काठाला झिजलेली, मधोमध झोळ आलेली वाकळ पडलेली असते. त्यांचा चेहरा पडतो. काही जण तर तिथल्या तिथे आपल्या साड्यांचा फेरविचार करत असावेत.

वाकळ म्हणायची सवय आजोळची. पुण्यात गोधडी, माणदेशात वाकळ. ही आजीनं, म्हणजे आईच्या आईनं शिवलेली, १९८८च्या उन्हाळ्यात. मी तेव्हा दहा वर्षांची होते. सोप्यात सारवलेल्या जमिनीवर खाली लुगडं, चार कोपऱ्यांवर चार वजनं (वरवंटा, दोन डबे आणि आजोबांचा अडकित्ता), मग जुनेर पसरायचं, वर हिरवं इरकल. कच्चे टाके घालून झाले की काठापासून धावदोरा सुरू. एक फेरी संपली की बोटभर आत दुसरी, तशीच फिरत फिरत मध्यापर्यंत. आजीला जवळचं दिसत नसे, म्हणून सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं. मी गोट्या खेळायला पळाले की आजी सुई हवेत धरून बसायची आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारायची.

हिशेब करायची खोड मला धंद्यामुळे लागली. पाच बाय सात फुटांची गोधडी घ्या. बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर अंतरानं फेऱ्या घातल्या तर धावदोऱ्याची लांबी दीडशे मीटरच्या वर जाते. सेंटिमीटरला एक टाका धरला तरी पंधरा हजार टाके होतात. एवढं करूनही फोनवर "जरा कमी होणार नाही का?" असतंच. आजीचे टाके जोंधळ्याच्या दाण्याएवढे, आणि गाठ कुठे दिसेल तर शपथ. एका कोपऱ्यात मात्र वीतभर जागा तिनं मला दिली होती. तिथे चिखलातून कोंबडी चालत गेल्यासारखे टाके आहेत. गिऱ्हाइकाच्या गोधडीत असलं काही दिसलं तर मी रात्री बसून उसवीन.

उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी जमातीच्या बायका आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांना कापडाच्या तिकोनी घड्यांची फुलं लावतात, फुलांशिवाय ती त्यांना उघडीनागडी वाटते. आमच्या वाकळेचे कोपरे बोडकेच. आणि त्यातला नेमका माझ्या टाक्यांचा कोपरा गेल्या दसऱ्याच्या धुण्यात फाटला.

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हा नेम मी पुण्यातही पाळते. आजोळी माणगंगेला पाणी असेल तर वाकळा नदीवर जायच्या. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलट्या दिशांना पिळायची. इथे गच्चीवर दुसरं टोक मुलानं धरलं होतं आणि त्यानं कॉलेजातला सगळा जोर लावला. टर्रकन आवाज आला. तीन बोटं जाईल एवढं भोक.

वाळल्यावर भोक उजेडाकडे धरलं तर आत आणखी टाके दिसले. आजीचे नव्हेत तसे, लांब, घाईचे, जाड दोऱ्याचे. ते टाके होते एका खरबरीत पांढऱ्या कापडावर. कापडावर निळ्या शाईचं एक अख्खं इंग्रजी अक्षर आणि पुढच्याची नुसती पाठ.

आईला फोन लावला.

"अगं, तिच्या पोटात आणिक एक वाकळ हाय," ती म्हणाली, जणू हे मला ठाऊकच असायला हवं होतं. "बहात्तरच्या दुष्काळातली. ती सुकडीची पिशवी असंल बघ. तुझ्या आजीनं धू धू धुऊन मऊ केलीती."

मग अर्धा तास आई बोलत राहिली. पाझर तलावाच्या कामावर ती चौदा-पंधरा वर्षांची पोर माती टाकायला जायची. आजी खडी फोडायची. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरी घशाखाली उतरायच्या नाहीत. कामावर सुकडी, म्हणजे कोरडं तयार खाणं, मिळायची, तिची रिकामी पिशवीसुद्धा कुणी टाकून देत नसे. दिवसभर हातोडा मारलेल्या हातांनी रात्री कंदिलाशी शिवलेली ती वाकळ. म्हणून टाके तसे.

"आणि तिच्या पोटात?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत? आईची सासू शिवायची म्हणं." जरा थांबून म्हणाली, "उसवून बघू नगंस हां."

उसवायला माझे हात शिवशिवत होते हे तिला साताऱ्याहून कसं कळलं कोण जाणे. जुन्या वाकळेवर नवं लुगडं चढवायची रीत मला माहीत होती. मी स्वतः लोकांना सांगते, जुनी गोधडी टाकू नका, आणा, आत घालू. पण इतकी वर्षं जिच्यावर झोपले तिच्याबद्दल हा विचार डोक्यात आला नव्हता. आजीनं ती नजरेआड का केली, चांगली ऊब होती म्हणून की दिसायला नको म्हणून, ते आता विचारायला आजी नाही.

आठवडाभर सुई घेतली नाही. मग इरकलीचाच एक तुकडा शोधून ठिगळ लावलं, पण तीनच बाजूंनी शिवलं. चौथी बाजू दुमडून नुसती पक्की केली. आत बोट घातलं की खरबरीत लागतं.

थंडीत रात्री त्या खिशात पायाचा अंगठा अडकतो. आतापर्यंत दोनदा टाके तुटले आणि दोन्ही वेळा मी ते पुन्हा घातले, तीनच बाजूंना.