पेटी नंबर 3 : कोपरे जुळले, पण दुसऱ्या खेपेला

आधीच्या दोन पेट्यांत मी फळीला फळी टेकवून गोंद लावला आणि स्क्रू मारले. पहिल्याच पावसाळ्यात कोपऱ्यांत नख जाईल एवढी फट. फळीच्या टोकाचं लाकूड गोंद पिऊन टाकतं, पकड उरत नाही. म्हणून या वेळी बोटांत बोटं गुंतवल्यासारखा बॉक्स जॉइंट. त्यात बोटांच्या कडा एकमेकींना भिडतात आणि गोंद खरा तिथे धरतो.

लाकूड पाइनचं, 18 मिमी जाड, 240 मिमी रुंद. राउटर, म्हणजे लाकडात खाच पाडणारं यंत्र, प्लायच्या टेबलाखाली उलटा टांगलाय; बिट, म्हणजे त्याचं फिरतं पातं, 12 मिमीचं सरळ. सरकत्या जिगवर, म्हणजे फळी धरून बिटावरून नेणाऱ्या साच्यावर, बिटापासून बरोबर 12 मिमी सोडून सागवानी खुंटी बसवली. पाडलेली खाच खुंटीवर चढवायची, पुढची पाडायची. 18 मिमी एका दमात खाल्लं तर बिट जळतं, त्यामुळे 6-6 चे तीन हात. मागे टाकाऊ प्लायची पट्टी हवीच, नाहीतर बिट बाहेर पडताना ढलपी उडते. सांधा ढिला वाटला तर खुंटी बिटापासून केसभर लांब, घट्ट वाटला तर जवळ. माझे चार तुकडे यातच गेले.

आमचं वर्तकनगर, दुपारी दोन ते चार सोसायटीत आवाज बंद. त्यामुळे शनिवारी दोन फळ्या कापून झाल्या, त्या गॅलरीत तशाच राहिल्या, उरलेल्या दोन घरात. रात्रभर पाऊस. रविवारी घरातल्या दोन कापल्या आणि चारही जोडायला घेतल्या. वरची तीन बोटं लोण्यासारखी गेली, खाली खाली अडत गेली, शेवटचं तर एक मिलिमीटर बाजूला! जिग तोच, खुंटी तीच. तासभर मी खुंटीच मोजत बसलो.

शेजारचे सुतारकाका आले, दोन्ही फळ्या पाठीला पाठ लावून धरल्या. "अरे, ही फुगल्येय बघ. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत नाही. सुकी असताना कापलीस, मग रात्री ओल लागून फुगली."

"मग काका, रंधा मारू?"

"रंधा कशाला मारतोस? चारही एकाच खोलीत ठेव, आठवडाभर थांब."

थांबलो. बायकोच्या शिलाई मशीनमागे चारही फळ्या उभ्या, मध्ये वाऱ्याला पट्ट्या. काल पुन्हा जोडून पाहिलं: लाकडी हातोड्याच्या हलक्या टकटकीने शेवटपर्यंत बसल्या. गुण्या लावला, चारही कोपरे काटकोनात. एका बोटाचा टवका उडालाय, तो भिंतीकडे. आज गोंद आणि क्लॅम्प, उद्या तळाची खाच.