एक शून्य तिकीट, एक पूर्ण

शनिवार, रात्रीचे साडेदहा

ओल्या चपला दाराशी उभ्या करून ठेवल्यात. सकाळपर्यंत वाळणार नाहीत. जुलैत बेळगावात काहीच वाळत नाही, हे भाचीला सांगायचं राहूनच गेलं.

भाऊ तिला चंदगडहून सोडून गेला त्याला आज आठ दिवस झाले. इंजिनिअरिंगला प्रवेश, टिळकवाडीत पीजीची खोली, चौघींत एक आरसा. परवा फोनवर म्हणाली, "आत्या, इथं बघायसारखं काय हाय गं?" मला जरा रागच आला. तीस वर्षांपूर्वी मीही त्याच घरातून, पत्र्याची ट्रंक घेऊन, याच गावात शिकायला आले होते. रात्री बसून यादी केली. किल्ला, कमल बस्ती, वाचनालय, काँग्रेस विहीर, कपिलेश्वर, राजहंसगड... अकरा ठिकाणं, एका दिवसात. नवरा यादी बघून म्हणाला, "पोरगीला इंजिनिअर व्हायचंय, गाईड नव्हे."

सीबीटीच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या बसमध्ये कंडक्टरनं आधार मागितलं. माझ्या आधारवर कर्नाटकचा पत्ता, त्यामुळे बायकांसाठीचं शून्य तिकीट, म्हणजे प्रवास फुकट. तिच्या आधारवर कोल्हापूर जिल्हा, तिचे पूर्ण पैसे. एकाच घरात जन्मलेल्या दोघी, एकाच बाकावर बसलेल्या. कंडक्टरला तिचा चेहरा बघून वाईट वाटलं असावं. "काय करायचं बाई, नियम हाय," म्हणाला, तेही मराठीत. पलीकडच्या आजीशी तो लगेच कन्नडमध्ये भांडायला लागला. २०१४ पासून पाट्यांवर बेळगावी आहे, पण बसमध्ये उतरायची वेळ आली की सगळे बेळगावच म्हणतात.

किल्ल्यात दुर्गादेवीला हात जोडून आत गेलो. सफा मशीद, रामकृष्ण आश्रम चालता चालता दाखवले. १८९२ च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावला आले होते, रिसालदार गल्लीत राहिले होते, वगैरे मी सांगत होते. ती "हं" म्हणत होती. तो "हं" मला ओळखीचा आहे. मीही माझ्या काकांना तोच द्यायची.

कमल बस्तीत मात्र ती गप्प झाली. १२०४ सालचं हे जैन मंदिर, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्यानं, बिचिराजानं बांधलेलं. गाभाऱ्यात नेमिनाथ. बाहेर पावसाचा पांढरा उजेड आणि आत काळे गुळगुळीत खांब; बोट फिरवलं तर भांड्यावरून फिरवल्यासारखं वाटतं. मंडपाच्या छतातून दगडाचं कमळ खाली लोंबतं. वर बघून बघून माझी मान आखडली. तिनं काय केलं, फोन जमिनीवर उताणा ठेवला, पुढचा कॅमेरा चालू केला आणि उकिडवी बसून खाली बघायला लागली. स्क्रीनमध्ये अख्खं कमळ, पाकळ्यांवरच्या एवढ्याएवढ्याशा मूर्तींसकट, आणि कडेला आमची दोन डोकी. इतकी वर्षं मी मान मोडत आले. ओल्या दगडावर तळवे गारठले तरी आम्ही तिथंच बसून राहिलो. यादीतली तीन ठिकाणं तिथंच गळाली.

गणपत गल्लीत रूमवरच्या मुलींसाठी पाव किलो कुंदा घेतला. ताजा, डब्यातून हाताला ऊब लागणारा. दूध तांबूस होऊन दाणे सुटेपर्यंत आटवलेलं असतं, असं मी सांगेपर्यंत तिनं एक बोट चाटूनही घेतलं होतं. सार्वजनिक वाचनालयाकडे बोट दाखवून १८४८ सालचं आहे म्हटलं. शनिवारचा बाजार आणि छत्र्यांची गर्दी, आत काही गेलो नाही.

परतताना काँग्रेस रोडवर विहीर दाखवली. १९२४ च्या डिसेंबरात इथं अधिवेशन भरलं. गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असं ते एकमेव. माणसांच्या पाण्यासाठी ही विहीर खणली. "म्हणजे रोडचं नाव त्यावरनं? मला वाटलं पक्षाचं ऑफिस असंल!" हसले खरी, पण मला स्वतःला हे कळलं होतं ते बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी. आरपीडी कॉलेजात पु. ल. शिकवायला होते, हे मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. प्रत्येक गॅदरिंगला पाहुणे तेवढं एक वाक्य बोलायचेच.

दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो. टिळकवाडीत पत्ता सांगायचा तो गेटावर, पहिलं, दुसरं, तिसरं. आमच्या वेळी उशीर झाला की एकच उत्तर असायचं, "गेट पडलं होतं सर." मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, गेटचं कारण चालणार नाही." गाडी गेली. मालगाडी होती, लांबच लांब.

मग यादी तिनं माझ्या हातातून काढून घेतली आणि मला एका गाड्यावर नेलं. आठ दिवसांत तिनं स्वस्त झेरॉक्स, रात्री उघडं असणारं मेडिकल आणि गिरमिट, एवढं शोधलंय. गाडेवाल्यानं चुरमुऱ्यांवर चिंचगुळाचा परतलेला कांदा ओतला, फुटाण्याची पूड भुरभुरली, वर हिरव्या मिरचीची भजी. कागद हातातच मऊ पडत चालला होता. मी गल्लीमागच्या गल्लीत राहते, आणि हा गाडा मला माहीत नव्हता. पैसे तिनंच दिले. देऊ दिले.

कपिलेश्वर राहिला, राजहंसगड तर पाऊस ओसरल्यावरच.

आत्ता मेसेज आलाय. "आत्या, ते १८४८ चं वाचनालय रविवारी उघडं असतंय काय? मेंबर व्हायला काय लागतं?"

अर्धा तास झाला, उत्तर दिलेलं नाही. सहा वर्षांत मी तिथली पायरी चढलेली नाही.