बझर दाबण्याआधी

आज राजधान्या, नद्या आणि नोबेल विजेत्यांच्या वह्या मिटून ठेवल्या आणि पूर्ण वेळ केवळ बझरच्या सरावाला दिला. प्रश्नमंजूषेच्या जुन्या भागांचे चित्रीकरण लावायचे, हातात खटक्याचे पेन धरायचे आणि सूत्रसंचालकाचा शेवटचा शब्द संपताच खटका दाबायचा, एवढाच हा सराव. घरच्यांना तो पोरखेळ वाटतो, वाटो.

अमेरिकेतील ‘जेपर्डी’ या कार्यक्रमात १९८५ पासून असा नियम आहे की प्रश्न वाचून पूर्ण होईपर्यंत बझर बंदच असतो आणि त्याआधी घाई करणाऱ्याचे बटण पाव सेकंद निकामी होते. मंचापर्यंत पोहोचलेल्या तिघांनाही बहुतेक उत्तरे येत असल्याने पुष्कळदा सामन्याचा निकाल या पाव सेकंदातच लागतो. २००४ साली सलग ७४ सामने जिंकणाऱ्या केन जेनिंग्ज यांचे ज्ञान अफाट होतेच; परंतु रोज नवख्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळताना बटणाची लय त्यांच्या अंगी मुरली होती, हा लाभही लहान नव्हता. २०११ मध्ये आयबीएमच्या ‘वॉटसन’ या संगणकाने त्यांना हरवले, तेव्हा बझर खुला झाल्याचा संकेत त्या यंत्राला थेट विजेच्या रूपात मिळत होता, त्यामुळे ती बरोबरीची लढत होती असे मी आजही मानत नाही.

माणसाला मात्र बहुतेक वेळा उत्तर आठवण्यापूर्वीच बटण दाबावे लागते, म्हणजेच ‘हे आपल्याला येते’ या आतल्या जाणिवेवर भिस्त ठेवावी लागते. जोसेफ हार्ट या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये दाखवून दिले की उत्तर आठवत नसतानाही ज्यांना ते ओळखता येईल असे वाटते, ते पर्यायांतून ते खरोखरच अधिक वेळा ओळखतात. तेव्हापासून नव्हे, पण हे वाचल्यापासून मी वहीत प्रत्येक प्रश्नापुढे उत्तराबरोबर त्या वेळची खात्रीही नोंदवतो. त्या नोंदींवरून दिसते की चित्रपटांच्या बाबतीत माझी खात्री ज्ञानाच्या पुढे धावते, तर विज्ञानात ज्ञान असूनही अंगठा अडखळतो.

‘कौन बनेगा करोडपती’सारख्या खेळात याच खात्रीचे मोल पैशांत ठरते, कारण चुकल्यास मागच्या पडावावर घसरावे लागते आणि खेळ सोडल्यास जिंकलेली रक्कम हाती राहते. खेळ सोडल्यावर स्पर्धकाला अंदाजाने उत्तर द्यायला सांगतात. ते बरोबर निघाले की त्याचा चेहरा मला पाहवत नाही.

उद्यापासून विज्ञानाच्या प्रश्नांवर, उत्तर ओठांवर येण्याची वाट न पाहता खटका दाबायचा आणि चित्रपटांवर हात आवरायचा, असे ठरवले आहे. निवडचाचणीची तारीख अजून कळलेली नाही.